केटल लिकच्या एक्केचाळीस सह्या

त्या कागदांमधून आर्डिथ स्लोनला मिळायचा होता एक डीप फ्रीझर. पांढरा, आडवा, झाकणाला कुलूप असलेला. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणालाही वाटेल. पण नीट मांडलं तर फ्रीझर म्हणजे कोंबडी. जिल्ह्याच्या धान्यकोठारातून दर गुरुवारी जो ट्रक केटल लिकच्या खोऱ्यात चढायचा, त्यात फक्त डबे आणि पाकिटं असायची: सुका घेवडा, डबाबंद मासे, मक्याचं पीठ, दुधाची पावडर. गोठवलेलं मांस हवं तर उतरवून घेणाऱ्याकडे फ्रीझर पाहिजे, असा कोठाराचा नियम होता. खोऱ्याच्या तोंडाशी, हमरस्त्याला लागून, व्हर्ली नोबलचं चर्च होतं. तिच्याकडे फ्रीझर होता. गेली अकरा वर्षं व्हर्ली भेटेल तिथे विचारायची, "काय गं आर्डिथ, या गुरुवारीही घेवडाच का?" हा प्रश्न बंद होण्याची किंमत आर्डिथच्या लेखी कोंबड्यांपेक्षा जास्त होती.

कॉर्डेल फ्यूगेटला मिळायचे होते घरटी पंचवीस डॉलर. तो मूळचा शेजारच्याच खोऱ्यातला. कंपनीनं त्याला निळा शर्ट, गाडी आणि गावाशी गोड बोलायचं काम दिलं होतं. शिवाय त्याच्याकडे नोटरीचा शिक्का होता, म्हणून तो कंपनीला एका पगारात दोन माणसांसारखा पडला.

कंपनीला काय मिळायचं होतं ते तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. तिसरं पान कुणी उलटलं नाही.

कंपनीनं वरचा डोंगर फोडून कोळसा काढायला घेतला, त्याच्या दुसऱ्या वर्षी खोऱ्यातल्या बोअरांचं पाणी नारिंगी झालं. वास सडक्या अंड्यांचा. पांढरे कपडे धुवायचं बायकांनी सोडून दिलं आणि पांढरे कपडे घेणंही. ओडेल सायझमोर नावाच्या म्हाताऱ्याची छाती खाणीतल्या धुळीनं गेलेली. त्याच्या ऑक्सिजनच्या यंत्राला एक पाण्याची बाटली असते. तीत त्यानं बोअरचं पाणी घातलं, तर नळी आठवड्यात गंजल्यासारखी झाली. "कोळसा काढून झाला, आता लोखंड काढतायत माझ्यातून," तो म्हणाला.

मग कॉर्डेल पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. प्रत्येक घराला दर आठवड्याला चार खोकी. फक्त पोचपावतीवर सही हवी.

"पावती तीन पानांची?" आर्डिथनं विचारलं.

"मावशी, कंपनी आहे ती. तिथे लघवीला जायचं तरी तीन पानं भरावी लागतात." मग तो हळूच म्हणाला, "एक्केचाळीसच्या एक्केचाळीस सह्या आल्या ना, तर तुमच्या शेडमध्ये फ्रीझर येतो. साहेबांनी शब्द दिलाय."

हा एक्केचाळीसचा आकडा कॉर्डेलनं आर्डिथच्याच यादीतून घेतला होता, आणि तिथेच गोम होती.

आर्डिथचं धान्यवाटप चालायचं बंबवाल्यांच्या जुन्या शेडमध्ये. चिमट्याचा एक पॅड, त्यावर यादी, यादीत एक्केचाळीस घरं. घराच्या नावापुढे सही झाली की खोकं मिळायचं. पण केटल लिकमध्ये सही म्हणजे स्वतः येऊन केलेली सही असं कुणी कधी मानलं नव्हतं. पंधरा घरांतली माणसं अंथरुणाला खिळलेली, नाहीतर बिनगाडीची, नाहीतर लाजणारी. त्यांच्या सह्या आर्डिथ करायची आणि खोकी आपल्या जुन्या पिकअपमधून पोचवायची. तेही उगाच रेघोट्या मारून नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची बावीस वर्षं गेली होती, आणि पोरांना फुकट जेवण मिळावं म्हणून आईबापांनी भरलेले अर्ज तिच्या हातून गेले होते. खोऱ्यातलं प्रत्येक अक्षर तिला माणसाच्या चालीसारखं लांबून ओळखू यायचं. ओडेलची सही ती कापऱ्या हातानं करायची. ज्याची त्याची सही ज्याच्या त्याच्यासारखी व्हावी, यात तिला सभ्यपणा वाटायचा.

आणि आणखी चार घरं मेलेल्यांची होती.

यादी चाळीसच्या खाली गेली तर ट्रक खोऱ्यात चढत नाही, हमरस्त्यावरच थांबतो, हाही कोठाराचाच नियम. तेव्हा माणसं मेली तरी आर्डिथनं त्यांना यादीतून जाऊ दिलं नाही. बर्चेल नोबल, एफी स्टेसी, ओडेलचा भाऊ ग्रोव्हर. आणि चौथी मिंटा कॉम्ब्ज, आर्डिथची स्वतःची आई, जिच्या पत्र्याच्या घरात आता फक्त वेली राहत होत्या. या चौघांची खोकी आर्डिथ जास्त पोरं असलेल्या घरांत वाटून टाकायची. स्वतः त्यातला एक डबा तिनं कधी फोडला नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच त्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं.

कॉर्डेलनं तो गुरुवार शेडमध्ये घालवला. बावीस जण आले, नेहमीप्रमाणे पॅडवर सही केली, खोकं उचललं. पॅडचा चिमटा तीन पानं घट्ट धरून होता. दुपारी उरलेल्या एकोणीस प्रती त्यानं आर्डिथच्या हातात दिल्या.

"या तुम्ही बघा, मावशी. मी उद्या येऊन शिक्के मारतो."

"तू नको यायला घरोघरी? तुझ्यासमोर सही व्हायला पाहिजे ना?"

"तुमच्यासमोर झाली म्हणजे माझ्यासमोरच झाली. माझ्या आईचे अर्ज तुम्हीच भरायचात की!"

त्या संध्याकाळी आर्डिथनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पंधरा जित्या आणि चार मेलेल्या सह्या केल्या. पेन तीन वापरली. आईची सही तिनं शेवटी ठेवली. मिंटाचं लिहिणं तिसरीपर्यंतचं. ती नाव लिहायची नाही, नाव शिवल्यासारखं टाके घालत जायची. आईला जेवढा वेळ लागायचा तेवढाच आर्डिथलाही लागला.

फ्रीझर पुढच्या सोमवारी आला. कंपनीच्या माणसानं त्याच्यासोबत आर्डिथचा फोटो काढला. दोन गुरुवार सोडून पहिल्या कोंबड्या उतरल्या, आणि त्या रविवारी आर्डिथ मुद्दाम व्हर्लीच्या चर्चला प्रार्थनेला गेली.

बाटल्या बरोबर सहा आठवडे आल्या. सातव्या आठवड्यात आल्या नाहीत. कॉर्डेल फोन उचलेना. आठव्यात आर्डिथ खोकी पोचवत फिरत असताना ओडेलनं आपलं खोकं टेबलावर उपडं केलं आणि एकेक जिन्नस हातात घेत म्हणाला, "सुका घेवडा. भिजवायला पाणी. दुधाची पावडर. कालवायला पाणी. मक्याचं पीठ. मळायला पाणी. कोंबडी शिजवायची कशात, तुझ्या प्रेमात?"

"वीस वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर शिजली असती," आर्डिथ म्हणाली. पण परतताना तिनं गाडीतल्या बाकीच्या खोक्यांकडे पुन्हा एकदा बघितलं.

कुणीतरी जिल्ह्याच्या गावात जाऊन गरिबांसाठी फुकट खटले चालवणाऱ्या कचेरीत तक्रार दिली. तिथून लेनोरा पार्टिन नावाच्या वकीलबाई आल्या. कंपनीकडून खोऱ्यापर्यंत नळाची चार मैल पाइपलाइन टाकून घ्यायची, अशी त्यांची मागणी होती. महिन्याभरानं त्या पुन्हा आल्या तेव्हा हातात कागदांचा गठ्ठा होता. शेडमध्ये तीसेक माणसं जमली.

"तुम्ही सगळ्यांनी हक्क सोडून दिलेत," बाई म्हणाल्या. "तिसरं पान. पाण्याबद्दलची झालेली आणि पुढे होणारी कुठलीही तक्रार सहा आठवड्यांच्या बाटल्यांच्या बदल्यात मिटली."

"मी बाटल्यांसाठी सही केली हो, बाई!"

"वाचलं होतंत?"

"पॅडला चिमटा होता. चिमट्याखालचं कोण वाचतं?"

"वाचलं नाही हे कोर्टात चालत नाही," बाई म्हणाल्या. "पण प्रत्येक कागदावर नोटरीचा शिक्का आहे. हा माणूस माझ्यासमोर आला आणि त्यानं सही केली, असा. यातली एक जरी सही दुसऱ्या कुणाची निघाली, तर शिक्का मारणारा खोटा. आणि एकच माणूस सगळ्यांचा साक्षीदार असल्यामुळे, तो खोटा तर सगळा गठ्ठा खोटा."

शेडमध्ये कुणी बुटांकडे बघू लागलं, कुणी पत्र्याकडे. आर्डिथकडे न बघण्याचं काम तिथे इतक्या कसोशीनं चाललं होतं, की कुणाकडे बघायचं ते वकीलबाईंना लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या आर्डिथच्या घरी आल्या. आर्डिथनं बाटलीतल्या शेवटच्या पाण्याची कॉफी केली आणि सगळं सांगितलं, पेनांच्या संख्येसकट.

"जिवंत माणसांच्या सह्यांचं फारसं काही होणार नाही," बाई म्हणाल्या. "पण गठ्ठा कोर्टात तपासला की त्या चौघांची नावंही निघणारच, आणि मग प्रश्न सरकारी धान्याचा येतो. वाटप तुमच्याकडून जाईल. किंमत भरून द्यावी लागेल. खटलाही होऊ शकतो."

"ते माझं झालं. ट्रकचं काय?"

"यादी सदतीसवर येईल. नियम तुम्हीच मला सांगितलात."

"म्हणजे पाणी हवं तर ट्रक घालवायचा."

"मी तुम्हाला अमुक करा असं सांगत नाहीये."

"वकील कधी सांगतात? तुम्ही फक्त दार उघडून उभे राहता, पाय आमचाच बाहेर पडतो." आर्डिथनं कप विसळायला नळ सोडला, नारिंगी धार बघितली आणि बंद केला.

त्या आठवड्यात ती ओडेलकडे गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वहीचा एक कागद पुढे सरकवला. "माझी सही कर बघू." तिनं केली. ओडेलनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"शेवटचं अक्षर चुकतंय. मी तिथे हात उचलत नाही."

"तू नाही उचलत. तुझा हात आपोआप उडतो."

ओडेल बराच वेळ हसला आणि मग त्याहून जास्त वेळ खोकला. "ग्रोव्हरला मरून पाच वर्षं झाली," दम खात तो म्हणाला. "जिवंतपणी कुणाच्या उपयोगी पडला नाही. तुझ्या यादीत मात्र त्यानं पाच वर्षं पोरं पोसली. आता त्याला सोड, पोरी. आणि मिंटालाही."

मिंटाचं नाव त्यानं घ्यायला नको होतं, असं आर्डिथला वाटलं. पण मनातल्या मनात ती त्याच नावापाशी अडून बसली होती, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं.

कोर्टात कंपनीचे दोन वकील होते, दोघांचे बूट सारखे. त्यांनी आधी कॉर्डेलला उभं केलं. एक्केचाळीसही सह्या आपल्यासमोर झाल्या, असं कॉर्डेलनं शपथेवर सांगितलं. सांगताना तो आर्डिथच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होता.

मग आर्डिथ. पार्टिनबाईंनी तिला कोरा कागद दिला. तिनं एकेक नाव घेत सह्या केल्या: ओडेलची कापरी, कुणाची उजवीकडे कललेली, कुणाची सगळी मोठी अक्षरं. कागद न्यायाधीशांकडे गेला. ते पन्नाशीचे, जिल्ह्यातलेच. त्यांनी कंपनीचा गठ्ठा आणि तो कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा वर केला.

"अशा किती जणांच्या सह्या येतात तुम्हाला?"

"शाळेत ज्यांचे अर्ज यायचे त्या सगळ्यांच्या, साहेब."

"म्हणजे किती?"

"मोजल्या नाहीत. पण तुमच्या आईची येते. तीन वर्षं भरायच्या त्या. नावाखाली रेघ मारायच्या, वरून टिंब."

कोर्टात कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. न्यायाधीशांनी चष्मा खाली केला. त्यांनी ती सही करून दाखवायला सांगितलं नाही.

"आणि ही मिंटा कॉम्ब्ज कोण?" पार्टिनबाईंनी विचारलं.

"माझी आई."

"तिनं ही सही केली?"

"ही सही झाली तेव्हा तिला जाऊन चार वर्षं झाली होती." आर्डिथ कॉर्डेलकडे वळली. "अरे कॉर्डेल, तुझ्यासमोर आली म्हणे. कशी होती रे? मला काही म्हणाली?"

कंपनीचे वकील हरकत घ्यायला उठले. कॉर्डेल म्हणाला, "मावशी, तुम्हीच तर..." हरकत मान्य झाली, पण तोवर त्या हरकतीचा कुणाला काही उपयोग उरला नव्हता.

गठ्ठा रद्द झाला. खटला पुढे चालू नये म्हणून कंपनीनं चूक कबूल न करता पाइपलाइन टाकून द्यायचं मान्य केलं. आर्डिथवर खटला भरला नाही. सरकारी खात्यानं चार मेलेल्यांच्या खोक्यांची किंमत तीन हजार नऊशे बारा डॉलर ठरवली आणि महिन्याला पंचवीसचा हप्ता बांधून दिला. शेवटच्या हप्त्याला ती शहात्तर वर्षांची असेल. धान्याच्या कुठल्याही पॅडला हात लावायचा नाही, हेही लेखी घेतलं. कंपनीची माणसं येऊन फ्रीझर घेऊन गेली. कोंबड्या त्यांनी नीट खोक्यात काढून ठेवल्या होत्या, तेवढी सभ्यता पाळली.

ट्रक आता हमरस्त्यावर थांबतो. वाटप व्हर्ली नोबलकडे गेलं. पहिल्या गुरुवारी व्हर्लीनं जाहीर केलं, की ज्यानं त्यानं स्वतः यायचं, स्वतः सही करायची. तिसऱ्या गुरुवारी ती आर्डिथच्या दारात उभी राहिली, पॅड पाठीमागे धरून.

"ओडेल शेवटचं अक्षर कसं काढतो गं?"

"हात उचलायचा नाही," आर्डिथ म्हणाली. "आपोआप उडू द्यायचा."

पाइप पडला, पण पाणी यायच्या आधी आर्डिथला जिल्ह्याच्या पाणीखात्यात बोलावणं आलं. खोऱ्यातल्या घरांची माहिती अजूनही तिच्याइतकी कुणाला नव्हती. टेबलामागचा कारकून मऊ आवाजाचा होता. चाळीस जोडण्यांच्या आत खातं नवी लाइन चालवत नाही, तो म्हणाला. खोऱ्यात सदतीस भरतात. तीन कमी.

"मग?"

"मग... कुणी तीन नावं वाढवली तर." त्यानं फॉर्म तिच्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

आर्डिथला हसू आलं. चाळीस. या जिल्ह्यात जिवंत राहायचं तर चाळीस जण लागतात, आणि केटल लिकमध्ये तेवढे कधीच नसतात. तिनं पेन उचललं नाही. "मी कोर्टात शपथ घेतलीये, बाबा. मेलेल्यांना आता मीही उठवू शकत नाही. दुसरं काही सुचव."

कारकुनानं सुचवलं. तीन रिकाम्या जोडण्या कागदावर घ्यायच्या, कुणाच्याच नावानं नाही, आणि त्यांचं किमान बिल बाकीच्या सदतीस घरांवर वाटून टाकायचं. बिलात त्याची वेगळी ओळ येईल. ओळीचं नाव 'इतर'.

केटल लिकला आता पाणी येतं. स्वच्छ, थोडा औषधाचा वास असलेलं. ओडेलच्या यंत्राची नळी पांढरी राहते. घेवडा भिजतो.

आणि कुणी काय भरलं, ते असं. कॉर्डेलची नोकरी गेली, शिक्का गेला, आणि एक हजार पंचवीस डॉलर कंपनीनं परत मागितले. पाइपाचा खर्च कंपनीनं जिल्ह्याला द्यायच्या करातून वळता करून घेतला, म्हणून जिल्ह्यानं त्या वर्षी खोऱ्याच्या रस्त्यावर खडी टाकली नाही. कंपनीच्या वार्षिक पुस्तिकेत फ्रीझरशेजारी उभ्या असलेल्या आर्डिथचा रंगीत फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं: केटल लिकला भेट.

किमान बिल एकतीस डॉलर. तीन रिकाम्या जोडण्यांचे त्र्याण्णव. सदतीस घरांत वाटले तर प्रत्येकी दोन डॉलर एक्कावन्न सेंट. कुणी विचारलं, हे इतर म्हणजे कोण, तर आर्डिथ म्हणते, "ग्रोव्हर, एफी, बर्चेल. माझी आई यात नाही. तिला मी सोडलंय."

पण सदतीस वेळा दोन डॉलर एक्कावन्न म्हणजे ब्याण्णव डॉलर सत्त्याऐंशी सेंटच होतात. तेरा सेंट कमी पडतात. खात्याच्या खिडकीवर हे कुणी मोजत नाही. आर्डिथनं मात्र मोजलं. म्हणून दर महिन्याला बिल भरायला गेली की ती दहाचं एक आणि एकाची तीन अशी नाणी वेगळी काढते आणि कारकुनासमोर ठेवते. पावती मागत नाही. कारण पावतीवर सही करावी लागते.